एमजी टीसी-टीडीला ब्लोअर बसवण्याआधी

घरात एमजी टीसी किंवा टीडी (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या) असलेले ग्राहक सर्व्हिसिंगला आले की निघता निघता हमखास विचारतात, "त्या काळातला सुपरचार्जर मिळतोय, बसवून द्याल का?" सुपरचार्जर म्हणजेच ब्लोअर, इंजिनाच्या पुलीवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप. देऊ. पण पैसे मोजण्याआधी हे पत्रक वाचा.

हौस आम्हालाही कळते. १२५० सीसीचं इंजिन, ५२०० आरपीएमला जेमतेम ५४ अश्वशक्ती. घाट लागला की गाडी धापा टाकते. शिवाय एमजी आणि ब्लोअर हे नातं जुनंच आहे. १९३३ साली इटालियन शर्यतपटू नुव्होलारीने अल्स्टरमधली (उत्तर आयर्लंड) टूरिस्ट ट्रॉफी शर्यत जिंकली ती ब्लोअर लावलेल्या एमजी के३ मॅग्नेटवरच. मात्र ती शर्यतीची गाडी होती. तुम्हाला रविवारी लोणावळ्याला जाऊन संध्याकाळी घरी परतायचं आहे.

आधी इंजिन

थकलेल्या इंजिनावर ब्लोअर हे औषध नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती दाबतो ते) जवळपास सारखं नसेल किंवा इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब पडत असेल, तर आम्ही काम घेत नाही. हेड (सिलिंडरवरचं झाकण) सपाट करायला किती वेळा घासलंय तेही तपासतो. मूळ कॉम्प्रेशन ७.२५ ला १ असतं आणि प्रत्येक घासणीत ते थोडं वाढतं. त्यात ६ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्ट, म्हणजे ब्लोअरचा जादा दाब, दिला की दाब ४० टक्क्यांनी चढतो, म्हणजे इंजिनाला दहाच्या वरचं कॉम्प्रेशन असल्यासारखंच. या इंजिनांच्या हेडमध्ये पाण्याची भोकं काहींत लांबट तर काहींत गोल असतात. गॅस्केट त्याच जातीचं लागतं. चुकीचं बसवलं तर सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः.

कोणता घ्यावा?

बाजारात जास्त करून तीन प्रकार दिसतात. मार्शल हा रूट्स जातीचा. त्यात दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि गिअरपेटीला स्वतःचं ऑइल असतं. शोरॉक पात्यांचा, पण त्याची पाती मधल्या शाफ्टवर बेअरिंगवर टांगलेली असल्यामुळे बाहेरच्या भिंतीला घासत नाहीत. अमेरिकन जडसनची पाती मात्र भिंतीला घासतच फिरतात, म्हणून त्याला ऑइलची वेगळी बाटली लागते आणि ती भरायची आठवण मालकाला ठेवावी लागते. आमचं मत विचाराल तर टीडीला शोरॉक. मालक विसराळू असेल तर नक्कीच शोरॉक.

जुना ब्लोअर फोटो पाहून घेऊ नका. हाताने फिरवा. अडखळला, खरखरला किंवा शाफ्ट वर-खाली हलला, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. तोंडातून बॅटरी मारून भिंतीवर चरे दिसतात का पाहा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उघड्या तोंडाने पडून राहिलेला ब्लोअर बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेला निघू शकतो.

बूस्ट किती?

हिशोब सोपा आहे. १२५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात कागदावर ६२५ सीसी हवा ओढतं. ब्लोअर फेऱ्याला ७५० सीसी देणारा असेल आणि दोन्ही पुल्या सारख्या असतील, तर हवा २० टक्के जास्त, म्हणजे साधारण ३ पीएसआय. ब्लोअरची पुली लहान केली की बूस्ट वाढतो, उष्णताही वाढते. आम्ही ६ च्या वर जात नाही. "अजून थोडा द्या ना" म्हणणाऱ्यांना आधी क्रँकशाफ्टची किंमत विचारून यायला सांगतो.

जोडणी आणि सेटिंग

दोन कार्ब्युरेटर जाऊन ब्लोअरच्या आधी एसयू कंपनीचा एकच मोठा कार्ब्युरेटर येतो. त्याची नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) जास्त पेट्रोल सोडणारी लागते, त्यातही २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला आणखी जास्त, कारण इथेनॉलला जळायला कमी हवा लागते. जुने रबरी पाइप त्याच वेळी बदलून टाका. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन-तीन अंश मागे घेतो, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) लावतो. इनटेक मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. इंजिनाने उलटा भडका मारला तर दाब तिथून निघून जातो. तो नसला की ब्लोअर फुटू शकतो.

शोरॉकला ऑइल इंजिनामधूनच, बारीक जेटमधून मिळतं. जेट मोठा झाला की निळा धूर आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी टणटण), तुंबला की बेअरिंग जाम. त्यामुळे जेटआधी गाळणी आम्ही न विचारता बसवतो.

शेवटची परीक्षा कात्रजच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर. टणटण ऐकू आली तर गाडी परत गॅरेजमध्ये. प्लग काढून पाहिल्यावर पांढराफटक दिसला तरी परत.

आरटीओचं काय?

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. ब्लोअर त्यात मोडतो का, हे तुमच्या आरटीओकडून आधी लेखी घ्या. आम्ही ब्लॉकला एकही नवं भोक पाडत नाही आणि काढलेले कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड खोक्यात घालून तुमच्या हवाली करतो.

गाडी दाखवायला आणताना ब्लोअरसोबत मिळालेलं सगळं आणा: ब्रॅकेट, पुल्या, गंजका बोल्टसुद्धा. ब्रॅकेट नव्याने बनवायचं म्हटलं की माप घेण्यातच दोन दिवस जातात आणि तो खर्च वेगळा लागतो.