ग्रीस नव्हे, नव्वद नंबरचं तेल

मृगाचा पाऊस कणकुंबीकडून बेळगावात उतरण्याआधी मामांच्या स्टँडर्ड हेरल्डची पुढची चाकं जॅकवर चढलेली असतात, त्यांच्या सांध्यांत तेल भरण्यासाठी. गाडी मद्रासची, तिथे १९६१ पासून हेरल्ड तयार होऊ लागली. तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाही कुणी, पण १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही नामांकित दोन-आसनी गाडी तिच्याच सांगाड्यावरून घडवली गेली. पुढची चाकं, त्यांचे सांधे आणि स्टिअरिंगची रचना दोघींची एकच. त्यामुळे इथे हेरल्डबद्दल जे सांगतोय ते स्पिटफायरलाही तंतोतंत लागू पडतं.

या स्टिअरिंगचं कौतुक आधी करायला हवं. अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात ही गाडी फिरते. शहापूरच्या गल्लीत आजच्या गाड्या तीनदा पुढे-मागे होतात, तिथे मामा एका दमात वळतात. आत यंत्रणा सरळच आहे: स्टिअरिंगच्या दांड्याला छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आणि ते सरकवतं आडवी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक. पट्टीच्या दोन टोकांचे टायरॉड, म्हणजे जोडदांडे, चाकं वळवतात. रॅकला ग्रीस चालतं, तेही ग्रीसगनचे चार-पाच दाब पुरे. जास्त कोंबलं की दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारी आवरणं, फुगून फाटतात आणि मग आपल्याकडची लाल माती थेट दात्यांत जाते. रॅकला चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, धरून ठेवणारे रबरी ठोकळे इंजिनाच्या गळक्या तेलाने मऊ पडले असले, तर आधी रॅकच हलतो, चाक मागाहून वळतं. स्टिअरिंग सैल लागलं की बरेचजण थेट रॅक बदलायला निघतात. आधी ते ठोकळे बघा.

खरा जीव मात्र खाली, ट्रनियनमध्ये आहे. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर वळतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या, आतून आटे पाडलेल्या पितळी रंगाच्या ठोकळ्यात बसतात. म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की हा दांडा स्क्रूसारखा फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. पण चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळलं तरी दांडा पाव वेढ्याच्या आसपासच फिरतो. वेगाने फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. इथे तो वेग कधीच मिळत नाही. धातू धातूला जवळजवळ टेकलेलाच राहतो, आणि त्या फटीत झिरपेल असंच वंगण लागतं.

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. जागेवर टिकणं हाच त्याचा गुण, आणि इथे तोच नडतो. ग्रीस तळाच्या पोकळीत बसतं, आट्यांमध्ये चढत नाही. कालांतराने त्यातलं तेल निघून जातं, साबण सुकतो, आणि पुढे घातलेल्या तेलाची वाटही तोच अडवतो. आट्यांत पावसाचं पाणी साचतं. गंजाचे बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांच्या तळाशी ताण एकवटतो, आणि प्रत्येक धक्क्याबरोबर तडा केसाकेसाने वाढत जातो.

मामांच्या गाडीचा डावा दांडा असाच तुटला. गल्लीच्या तोंडाशी अगदी हळू वळताना चाक आत दुमडलं. हीच गोष्ट चोर्ला घाटाच्या उतारावर झाली असती, तर? हा विचार आजही अंगावर काटा आणतो. मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाला, "दर वर्षी ग्रीस मारलोय की, मामा!" तेच नडलं होतं.

म्हणून इथे ईपी ९०, म्हणजे जबर दाब सोसणारं गिअर ऑइल, गॅरेजच्या भाषेत नव्वद नंबरचं तेल. त्यातलं गंधक-फॉस्फरसचं मिश्रण दाबाखाली पोलादावर पातळ रासायनिक थर धरतं. पण तेच गंधक जास्त असलं तर पितळ-काशासारख्या धातूंना खातं, म्हणून डब्यावर जीएल-४, हा गंधक बेताचं असलेला दर्जा, लिहिलेलं घ्यावं. चाक उचलून सांध्यावरचा भार काढायचा, ट्रनियनचा प्लग काढून तिथे निप्पल, म्हणजे गनचं तोंड बसेल अशी बारीक नळी, बसवायचं आणि तेल भरलेल्या गनने वरच्या बाजूने तेल झिरपेपर्यंत दाबत राहायचं. सुरुवातीला काळपट तेल येतं, मग स्वच्छ. मामा हे पावसाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा करतात. मला आपल्या पावसाला तेवढं हवंच वाटतं.

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, काय हवं ते लेथवर करून मिळतं. मात्र हा दांडा तिथे वेल्डिंग करून आणू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने घडवलेल्या पोलादाची ताकद जाते. जुना दांडा वापरायचाच असेल, तर तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, कोरडा पुसा आणि आट्यांवर खडूची पूड लावा. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं, आणि पांढऱ्या पुडीवर एक ओली, काळसर रेघ उमटते.