सूडोवायर ‘अप’, तरी फ्रेम गायब : व्हीपीएलएसमधील जोडणी-तपासणीची पार्श्वभूमी

इंदूर, पीथमपूर आणि देवास अशा तीन ठिकाणी पसरलेल्या एखाद्या कंपनीचे लॅन व्हीपीएलएसवर, म्हणजे दूरची ठिकाणे एकाच लॅनसारखी जोडून देणाऱ्या सेवेवर, चालते, तेव्हा तक्रार बहुधा ठरावीक शब्दांत येते : ‘पिंग लागतो आहे, पण ईआरपी (कंपनीच्या कारभाराचे सॉफ्टवेअर) उघडत नाही.’ सेवापुरवठादाराच्या नियंत्रण कक्षाचे उत्तरही तितकेच ठरावीक असते, की सूडोवायर, म्हणजे दोन टोकांच्या राउटरांमधली आभासी तार, अप (चालू) आहे आणि तिच्यावरून पाठवलेला तपासणीचा पिंगही परत आला आहे. दोन्ही बाजू खरेच बोलत असतात. असे होऊ शकते, याचे कारण सूडोवायर ‘अप’ दिसणे म्हणजे दोन टोकांच्या राउटरांनी परस्परांना लेबले, म्हणजे पॅकेट कुठे न्यायचे हे सांगणारे क्रमांक, कळवली आहेत, एवढेच असते. त्या लेबलांवरून ग्राहकाची फ्रेम, म्हणजे त्याच्या लॅनवरचा माहितीचा गठ्ठा, प्रत्यक्षात पलीकडे उतरते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याची साधने मूळ रचनेबरोबर न येता मागाहून जोडली गेली.

आधीच्या तंत्रांत ही अडचण नव्हती. एटीएम या जुन्या जाळे-तंत्रात माहिती ‘सेल’ नावाच्या छोट्या तुकड्यांनी जाई आणि देखभालीसाठी स्वतंत्र सेल होते, ते ग्राहकाच्या सेलबरोबर त्याच मार्गाने जात आणि लूपबॅक (परतीची चाचणी) मागितला की त्याच वाटेने परत येत. लॅनचे नेहमीचे तंत्र असलेल्या इथरनेटकडे असे काही नव्हते, कारण ते एका इमारतीपुरते गृहीत धरलेले तंत्र होते. तार तुटली तर दिवा विझतो, एवढीच त्याची देखभाल-व्यवस्था. एमपीएलएसवरून, म्हणजे लेबले पाहून पॅकेट पुढे पाठवणाऱ्या जाळ्यावरून, इथरनेट वाहून नेण्याची कल्पना २००० च्या सुमारास, एका अभियंत्याच्या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या मसुद्यांतून पुढे आली. हे मसुदे मानक होण्याआधीच उपकरणांत उतरले आणि सेवा विकल्या जाऊ लागल्या. सूडोवायरची एकूण रचना मार्च २००५ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा क्रमांकित दस्तऐवज) ३९८५ म्हणून, तर एलडीपीने (राउटरांनी एकमेकांना लेबले कळवण्याच्या नियमावलीने) सूडोवायर उभारण्याची पद्धत आणि इथरनेट फ्रेम गुंडाळण्याची पद्धत एप्रिल २००६ मध्ये अनुक्रमे आरएफसी ४४४७ आणि ४४४८ म्हणून प्रसिद्ध झाली. व्हीपीएलएसची दोन मानके, बीजीपीवरचे (राउटरांमध्ये मार्गांची माहिती देण्याघेण्याच्या नियमावलीवरचे) ४७६१ आणि एलडीपीवरचे ४७६२, जानेवारी २००७ मध्ये बरोबरच आली. तपासणीचे मानक, म्हणजे व्हीसीसीव्हीचे (सूडोवायरची जोडणी पडताळण्याच्या पद्धतीचे) आरएफसी ५०८५, मात्र डिसेंबर २००७ पर्यंत यायचे राहिले होते. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण तोवर जी उपकरणे जागोजागी बसली होती त्यांना सांभाळून घेणे पुढच्या प्रत्येक मानकाला भाग पडले.

मधल्या काळात, फेब्रुवारी २००६ मध्ये, एलएसपी पिंगचे, म्हणजे लेबलांची वाट तपासणाऱ्या पिंगचे, आरएफसी ४३७९ आले होते, आणि व्हीसीसीव्हीने तेच आपल्या पोटात घेतले. या पिंगची रचना विचारपूर्वक केलेली आहे. त्याचे पॅकेट यूडीपीच्या ३५०३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, पण पोहोचण्याचा पत्ता म्हणून १२७ ने सुरू होणारा, म्हणजे यंत्राच्या स्वतःपुरता असलेला पत्ता लिहिलेला असतो. लेबलांची साखळी मध्येच तुटली तर कोणताही राउटर ते पॅकेट आयपी पत्ता पाहून पुढे रेटू शकत नाही, आणि त्यामुळे तुटलेली वाट चुकून धडधाकट दिसण्याचा धोका राहत नाही. शिवाय पॅकेटाच्या आत नेमकी कोणती सूडोवायर तपासायची आहे याचे वर्णन असते आणि पलीकडचा राउटर ते आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळले तर उत्तरात संकेत ३ येतो. लेबल पोहोचले पण नोंद सापडली नाही, तर ४ येतो.

या वर्णनातही व्हीपीएलएसला महत्त्वाचा ठरलेला एक बदल झाला. मूळ वर्णनात पलीकडच्या राउटरचा पत्ता, सूडोवायरचा क्रमांक आणि प्रकार एवढेच होते. व्हीपीएलएसमध्ये एका ग्राहकाच्या सगळ्या सूडोवायरींना एकच क्रमांक देण्याची सर्रास रीत आहे. इंदूरकडून देवासला आलेली आणि पीथमपूरकडून देवासला आलेली, दोघींचा क्रमांक एकच. अशा वेळी देवासच्या राउटरने कोणती पडताळायची? म्हणून पाठवणाऱ्या राउटरचा पत्ताही असलेले नवे वर्णन आले आणि जुने बाद ठरवले गेले. बीजीपीवरच्या व्हीपीएलएससाठी याहून वेगळे वर्णन आहे, त्यात दोन्ही टोकांचे व्हीई क्रमांक, म्हणजे ओळख-क्रमांक, असतात.

पुढचा वाद मात्र अद्याप पुरता मिटलेला नाही, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर पाहिले पाहिजे. पलीकडच्या राउटरकडे सूडोवायरच्या लेबलाखाली एखादे पॅकेट आले, की ते ग्राहकाचे समजून लॅनकडे सोडायचे की तपासणीचे समजून स्वतः उघडायचे, हे त्याला कळले पाहिजे. आरएफसी ५०८५ ने यासाठी एक मार्ग न ठरवता तीन दिले. पहिल्या प्रकारात लेबल आणि फ्रेम यांच्यामध्ये चार बाइटांचा कंट्रोल वर्ड असतो. ग्राहकाच्या फ्रेमसाठी त्याचे पहिले चार बिट ०००० असतात, तपासणीसाठी ०००१. दुसऱ्या प्रकारात सूडोवायरच्या लेबलावर राउटर अलर्ट म्हणून राखून ठेवलेले १ क्रमांकाचे लेबल चढवले जाते. तिसऱ्यात सूडोवायरच्या लेबलातला टीटीएल (उरलेल्या टप्प्यांचा आकडा) १ ठेवला जातो, म्हणजे तो पलीकडे संपतो आणि पॅकेट आपोआप राउटरच्या प्रोसेसरकडे जाते. दोन्ही टोकांना एकाहून अधिक प्रकार येत असतील तर पहिला, मग दुसरा, मग तिसरा असा पसंतीचा क्रमही मानकात सांगितलेला आहे.

कागदावर तिन्ही चालतात. पण तपासणीला अर्थ तेव्हाच, जेव्हा तपासणीचे पॅकेट ग्राहकाच्या फ्रेमच्याच वाटेने जाते. इंदूरहून पीथमपूरला जाणारे पुरवठादाराचे दोन फायबर मार्ग आहेत असे समजू, एक राऊवरून आणि दुसरा बेटम्यावरून, आणि दोघांचा खर्च राउटरांच्या लेखी सारखाच आहे. मधला राउटर भार वाटून देताना लेबलांची चवड पाहतो, आणि पुष्कळ राउटर तेवढ्यावर न थांबता चवडीच्या खाली डोकावून पहिल्या चार बिटांवरून आत काय आहे याचा अंदाज बांधतात : ४ दिसला तर आयपीव्ही४, ६ दिसला तर आयपीव्ही६. कंट्रोल वर्ड असेल तर फ्रेमच्या तोंडाशी ० आणि तपासणीच्या तोंडाशी १ असतो. दोन्ही आयपी नाहीत, म्हणून निर्णय लेबलांवरच होतो आणि दोन्ही एका वाटेने जातात. दुसऱ्या प्रकारात चवडीत एक लेबल जास्त असते, त्यामुळे गणित बदलू शकते. तिसऱ्यात लेबले तीच, पण खाली ग्राहकाच्या मॅक पत्त्याऐवजी (यंत्राच्या हार्डवेअर-पत्त्याऐवजी) थेट आयपी शीर्ष येते, त्यामुळे मधला राउटर ते आयपी समजून वेगळाच हिशेब करतो. परिणामी पिंग राऊवरून जाऊन यशस्वी ठरतो आणि बेटम्याच्या वाटेवर एखाद्या कार्डातले लेबल बिघडलेले असेल तर ग्राहकाच्या फ्रेमा तिथे गुपचूप गळत राहतात.

मग पहिला प्रकार सक्तीचा का केला नाही? कारण इथरनेटसाठी कंट्रोल वर्डच ऐच्छिक होता. फ्रेम रिले या जुन्या तंत्राच्या नेहमीच्या पद्धतीत तो अनिवार्य होता, टीडीएम या दूरध्वनी-वाहिन्यांच्या तंत्रालाही होता. इथरनेटला मात्र आरएफसी ४४४८ ने मोकळीक ठेवली. तोवर बसलेल्या काही उपकरणांना ते चार बाइट घालणे-काढणे जमत नव्हते, हे खरे आहे. तरीही, जुन्या उपकरणांची सोय म्हणून दिलेली ही सूट नव्या उपकरणांनाही तशीच लागू ठेवणे, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महाग पडलेला निर्णय होय, असे म्हणावे लागते. इथरनेट हाच सूडोवायरचा सर्वाधिक खपणारा प्रकार ठरला आणि नेमक्या त्याच प्रकाराला भरवशाची तपासणी ऐच्छिक राहिली. व्हीपीएलएसमध्ये तर एका ग्राहकाच्या जाळ्यात निरनिराळ्या कंपन्यांचे राउटर असतात. दोन्ही टोकांची मांडणी जुळली नाही तर कंट्रोल वर्डाविनाच सूडोवायर उभी राहते, आणि ती अप दिसते म्हणून त्याकडे कोणी वळून पाहत नाही.

या सुटीचे दुसरे फळ पुढे दिसले. कंट्रोल वर्ड नसेल तर लेबलांच्या लगेच खाली पोहोचणाऱ्या यंत्राचा मॅक पत्ता असतो. तो ४ किंवा ६ ने सुरू होत असेल, तर मधला राउटर इथरनेट फ्रेमलाच आयपी समजतो आणि पत्त्याचे नसलेले बिट पत्ते म्हणून वाचून भार वाटतो. एकाच संवादातल्या फ्रेमा दोन वाटांनी जाऊन मागेपुढे पोहोचतात. भार-वाटपातल्या या धोक्याबद्दल जून २००७ मध्येच आरएफसी ४९२८ ने सावध केले होते. पुढे ४ किंवा ६ ने सुरू होणारे मॅक पत्ते खरोखरच वाटले जाऊ लागले, तेव्हा गोष्ट चर्चेपुरती राहिली नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये आरएफसी ७०७९ म्हणून एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंट्रोल वर्ड सरसकट सक्तीचा करता येईल का, हे अजमावणे हाही तिचा एक उद्देश होता. सक्ती लगेच आली नाही. त्याऐवजी नोव्हेंबर २०१५ मध्ये आरएफसी ७७०८ ने चौथा प्रकार आणला, ज्यात १३ क्रमांकाचे राखीव लेबल तपासणीची खूण म्हणून वापरले जाते, आणि तोही कंट्रोल वर्ड नसलेल्या सूडोवायरींसाठीच. तीन पर्यायांनी झालेला गोंधळ चौथ्याने निस्तरण्याची ही रीत समित्यांना शोभणारी असली, तरी रात्रपाळीवरच्या अभियंत्याला तिचा उपयोग बेताचाच आहे. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये आरएफसी ८४६९ ने सांगितले, की दोन्ही टोकांना जमत असेल तर इथरनेट सूडोवायरवर कंट्रोल वर्ड वापरलाच पाहिजे. ४४४८ पासून इथवर बारा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

दरम्यान भार-वाटपाच्या बाजूनेही एक गुंता वाढला. नोव्हेंबर २०११ च्या आरएफसी ६३९१ ने एकाच सूडोवायरमधले वेगवेगळे संवाद वेगवेगळ्या वाटांनी पाठवण्यासाठी तळाशी एक प्रवाह-लेबल जोडण्याची सोय दिली. मोठ्या सूडोवायरींसाठी ती उपयुक्तच आहे. पण आता कंट्रोल वर्ड असूनही तपासणीचे पॅकेट अनेकांपैकी एकाच वाटेची साक्ष देते.

सतत पहारा ठेवायचा असेल तर पिंग पुरत नाही, म्हणून जून २०१० मध्ये आरएफसी ५८८५ ने याच नियंत्रण-वाहिनीतून बीएफडी, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे सतत पाहणारी तपासणी, चालवण्याची सोय केली. मात्र वाहिनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची असेल तर बीएफडीही पिंगाइतकीच आंधळी ठरते, आणि बीएफडी हिरवी दिसते म्हणून पुरवठादार अधिकच ठाम होतो.

आकाराचा मुद्दा या वादापेक्षा साधा आहे, पण इंदूरकडच्या तक्रारींत तोच अधिक वेळा निघतो. सूडोवायर उभारताना दोन्ही टोके आपापला एमटीयू (पॅकेटाच्या आकाराची कमाल मर्यादा) कळवतात आणि तो जुळला नाही तर ती उभीच राहत नाही. परंतु ही जुळणी टोकांच्या आकड्यांची असते, मधल्या तारांची नव्हे. ग्राहकाचे १५०० बाइट, त्यावर १४ बाइटांचे इथरनेट शीर्ष, व्हीलॅनचा टॅग असल्यास ४, कंट्रोल वर्डचे ४ आणि दोन लेबलांचे ८ धरले तर मधल्या दुव्याला १५३० बाइट पेलावे लागतात. एखाद्या जुन्या स्विचवर ही मर्यादा वाढवायची राहून गेली, की छोटा पिंग बिनदिक्कत जातो आणि ईआरपीचे भरलेले पॅकेट पडते. एलएसपी पिंगला भरती घालून मोठे करण्याची सोय मानकात पहिल्यापासून आहे. नियंत्रण कक्षातून तपासताना ती वापरा असे आवर्जून सांगावे लागते, कारण आज्ञेचा मूळ आकार छोटाच असतो.

तपासणीचे पॅकेट योग्य वाटेने आणि योग्य आकाराचे गेले, तरी व्हीपीएलएसचा निम्मा भाग तपासायचा राहतोच. सूडोवायर दोन राउटरांना जोडते. लॅन घडते ते त्या राउटरांतल्या, कोणते यंत्र कोणत्या बाजूला आहे हे सांगणाऱ्या मॅक तक्त्यामुळे. पीथमपूरचा एक सर्व्हर देवासला हलवला आणि इंदूरच्या राउटरच्या तक्त्यात तो अजून पीथमपूरकडेच दिसत असेल, तर तिन्ही सूडोवायरी ठणठणीत असूनही फ्रेम चुकीच्या दारात जाते. काही उत्पादकांनी यासाठी आपापले मॅक-पिंग काढले, पण ते एकमेकांच्या उपकरणांवर चालत नसत. सर्वमान्य उत्तर इथरनेटच्या बाजूने आले : २००६ चे वाय.१७३१ आणि २००७ चे ८०२.१एजी ही मानके. यांत ग्राहक, पुरवठादार आणि मधला वाहक यांना ० ते ७ अशा आठ स्तरांत आपापली तपासणी करता येते, आणि लूपबॅकची फ्रेम साध्या इथरनेट फ्रेमसारखी मॅक तक्त्यातूनच जाते. एमपीएलएसच्या बाजूच्या तपासणीशी तिची सांगड कशी घालावी, याची चौकट मार्च २०११ मध्ये आरएफसी ६१३६ ने दिली. प्रत्यक्षात मात्र दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या खात्यांकडे राहतात : लेबलांची कोअरवाल्यांकडे (मधले जाळे सांभाळणाऱ्यांकडे), इथरनेटची ग्राहकसेवेकडे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आरएफसी ७४३२ ने ईव्हीपीएन, म्हणजे व्हीपीएलएसचेच काम करणारे नवे तंत्र, आले आणि मॅक पत्ते बीजीपीतून कळवले जाऊ लागले, त्यामुळे तक्त्याची पडताळणी सोपी झाली. त्यासाठीचे पिंगचे वर्णन नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९४८९ मध्ये आहे. कंट्रोल वर्डाबाबत मात्र ७४३२ ने पुन्हा अटच घातली : मधले राउटर लेबलांखाली डोकावत असतील तर तो वापरावा. मधले राउटर डोकावतात की नाही, हे टोकाच्या अभियंत्याला बहुतेक वेळा माहीतच नसते.