रीमास्टर आणि रीमिक्स: कव्हर तेच, रेकॉर्ड निराळी

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ची २०२१ सालची आवृत्ती आली आणि तेव्हापासून जो तो म्हणतोय, "नवीन रीमास्टर काय वाजतंय!" वाजतंय खरंच छान. पण ते रीमास्टर नाही, रीमिक्स आहे. हॅरिसन हयात असताना २००१ साली निघालं ते रीमास्टर. दोन्ही एकाच १९७० सालच्या तीन तबकड्यांच्या अल्बमची, म्हणून दोन्हींना सरसकट एकच नाव लावायचं आणि वर "जुन्यापेक्षा क्लिअर आहे" म्हणून मोकळं व्हायचं, हे आता पुरे.

रीमास्टर तुम्हाला माहीतच असेल. मूळ स्टिरिओ मास्टर टेप, म्हणजे सगळं मिसळून तयार झालेली शेवटची टेप, घ्यायची, नव्याने डिजिटल रूपात उतरवायची, बास-ट्रेबल आणि एकूण पातळी थोडी नीट करायची, खरखर काढायची. झालं.

घोळ होतो तो इथून पुढे. त्या मास्टर टेपवर दोनच चॅनेल असतात, आणि गायकाचा आवाज, ड्रम्स, गिटार सगळं त्यांत आधीच एकजीव झालेलं असतं. समजा गायकाचा आवाज मागे दबलाय आणि तो पुढे आणायचाय. मास्टरिंग करणारा काय करणार? तो आवाज जिथे उठून दिसतो तो कंपनांचा पट्टा वाढवेल. पण गिटार आणि झांजाही त्याच पट्ट्यात वाजतात, त्यामुळे त्याही बरोबर वर येतात. हॅरिसनबरोबर या अल्बमची निर्मिती करणाऱ्या फिल स्पेक्टरने त्यावर एकोचा जो डोंगर रचला, तो तर असा पट्टे खालीवर करून हलणं शक्यच नाही.

रीमिक्स करणारा त्याच्या एक पायरी मागे जातो, मल्टीट्रॅक टेपपर्यंत, जिथे वाद्यं अजून मिसळलेली नसतात. तिथे गायन वेगळ्या ट्रॅकवर, बास वेगळ्या. कोण किती मोठ्याने, कोण डावीकडे, कुणाला किती एको, हे सगळे निर्णय तो पुन्हा घेतो. पॉल हिक्सने २०२१ साली नेमकं हेच केलं, हॅरिसनचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली. आवाज पुढे आला, बासला अंग आलं, एको ओसरला. त्यातलं 'वा-वा' हे गाणं ऐका. जुन्या मिक्समध्ये सगळा वाद्यमेळ एकदम अंगावर येतो, नव्यात कोण काय वाजवतंय ते कळतं. अर्थात यालाही मर्यादा आहे: चार वाद्यं मुळातच एका ट्रॅकवर घेतली असतील किंवा एको मुद्रणाच्या वेळीच टेपवर गेला असेल, तर तो सहजासहजी निघत नाही.

म्हणून रीमास्टरबद्दल विचारायचा प्रश्न 'किती स्वच्छ?' हा आहे. रीमिक्सला तो लागू नाही. तिथे विचारायचं, 'हे निर्णय कुणाचे?' १९७० चे निर्णय स्पेक्टर आणि हॅरिसनचे होते, २०२१ चे त्यांचे नाहीत. हॅरिसनला पुढे तो एको जास्त वाटू लागला होता आणि २००१ च्या आवृत्तीत त्याने तसं लिहिलंही, त्यामुळे या एका रीमिक्सची बाजू घेता येते. तरी माझ्या लेखी अल्बम म्हणजे १९७० चं मिक्स. घरात एकच प्रत ठेवायची असेल तर तीच ठेवा, एकोसकट.

त्याच २०२१ साली पॉल मॅकार्टनीच्या 'रॅम'ची (१९७१) हाफ-स्पीड आवृत्ती आली, आणि तिलाही काही जण 'नवीन मिक्स' म्हणतात. अजिबात नाही. अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या माइल्स शोवेलने जुनंच मिक्स तबकडीवर निम्म्या वेगाने कापलं (खाचा कोरून उतरवलं), म्हणजे मूळ ध्वनीही निम्म्या वेगाने आणि कापली जाणारी तबकडीही. ३३⅓ ऐवजी १६⅔ फेरे. तीव्र स्वरांची कंपनं कापणाऱ्या सुईसाठी निम्मी होतात, म्हणून ती सफाईने उतरतात. गायकाचा आवाज मात्र होता तिथेच राहतो.

बाकी फरक किरकोळ. रीप्रेस (तीच तबकडी पुन्हा छापलेली) की रीइश्यू (नवी आवृत्ती म्हणून काढलेली) याची चर्चा मला कंटाळवाणी वाटते. स्टिकरवरचं '१८० ग्रॅम' हे तबकडीचं वजन आहे, ध्वनीचा दर्जा नव्हे. जाड तबकडीवर भिकार कटिंग निघतं आणि पातळ तबकडीवर उत्तम. रंगीत व्हिनाइल हवं तर भिंतीसाठी घ्या.

ओळखायचं कसं? कव्हरवरचा झगझगीत स्टिकर सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. 'मिक्स' या शब्दाशेजारी नवं नाव आणि नवं साल असेल तर रीमिक्स. फक्त मास्टरिंग किंवा कटिंगपुढे नवं नाव असेल तर मिक्स जुनंच. तबकडीच्या शेवटच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेली अक्षरं बघून काही जण मिक्स ओळखू पाहतात. त्या अक्षरांवरून कटिंग कुणाचं ते कधीकधी कळतं, पण मिक्सबद्दल ती स्वतःहून काहीच सांगत नाहीत. छापील माहिती तोकडी असेल तर जुनी आणि नवी प्रत लागोपाठ लावा आणि एकाच ओळीत गायकाचा आवाज ड्रम्सच्या तुलनेत कुठे आहे ते ऐका. दोघांमधलं अंतर ठळकपणे बदललं असेल तर ते बहुधा मास्टरिंगचं काम नाही.