मॉडेल रेल्वेसाठी डिजिटल कंट्रोल घेताना

सांगली, मिरज आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी

"सगळ्यात भारी सिस्टिम कुठली, तेवढं सांगा," असे बहुतेक जण आल्या आल्या विचारतात. त्यावर आमचे तीन प्रश्न असतात. एका वेळी किती गाड्या पळवणार? लेआउट भिंतीला कायमचा की कॉटखाली सरकवायचा? आणि कंट्रोल हातात कोण धरणार, तुम्ही, नातू की दोघेही? एवढे कळले की निम्मी नावे आपोआप गळतात.

साध्या डीसी ट्रान्सफॉर्मरवर रुळांतले व्होल्टेज कमी-जास्त केले की वेग बदलतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदम सुटतात. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असते, एचओ स्केलला (खऱ्याच्या १:८७ आकाराला) साधारण १४ ते १६ व्होल्ट, आणि त्याच विजेतून हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो. तो आपल्या नंबरचा हुकूम तेवढा उचलतो. म्हणून एक गाडी दिवे लावून फलाटाला उभी राहते आणि शेजारच्या लाइनवरून मालगाडी निघून जाते.

जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९०च्या दशकात डीसीसीचे मानक ठरवले. त्याचा फायदा असा, की डिकोडर एका कंपनीचा आणि कमांड स्टेशन (रुळांत हुकूम सोडणारी पेटी) दुसरीचे असले तरी गाडी पळते. अडकता ते हँडसेटपाशी. डिजिट्रॅक्स कंपनीचे हँडसेट लोकोनेट नावाच्या जोडणीवर चालतात, लेन्झचे एक्सप्रेसनेटवर, एनसीई कंपनीची वायर आणखी वेगळी. रोको कंपनीच्या काळ्या झेड२१ या कमांड स्टेशनला लोकोनेट आणि एक्सप्रेसनेट दोन्ही जोडता येतात, म्हणून लेआउट वाढवायचा बेत असलेल्यांना आम्ही ते आधी दाखवतो. इंजिने पुढे कुठलीही घ्या. हँडसेट मात्र पहिल्याच खरेदीत नीट ठरवा.

आणि तो हातात धरून ठरवा. यूट्यूबवर सगळेच झकास दिसते. मोबाईलवरचे ॲप सोयीचे आहे, स्वस्तही पडते. पण शंटिंग करताना नजर डब्याच्या कपलिंगवर हवी. काचेवर बोट कुठे पडले ते बघायला मान खाली घातली की डबा धडकलाच. फिरवायचे बटण असलेला हँडसेट न बघता चालवता येतो. एनसीईचा पॉवर कॅब एका हातात मावतो, कमांड स्टेशनही त्याच्याच पोटात आहे आणि सुमारे २ अँपिअर देतो. एका खोलीतल्या लेआउटला आमच्या मते तो पुरतो. मोबाईलच हवा असेल तर एक गोष्ट आधी ऐका: रोकोच्या स्टार्ट सेटमधल्या पांढऱ्या झेड२१वर वाय-फाय कुलूपबंद असते, त्याचा कोड वेगळा विकत घ्यावा लागतो. खोक्यावरचे मोबाईलचे चित्र बघून पुष्कळांची फसगत होते. घरातले इंटरनेट बंद असले तरी ॲप चालते, राउटर मात्र चालू हवा.

अँपिअरचा हिशोब सोपा आहे. आजकालचे एचओ इंजिन चालताना साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी घेते, आवाजवाले थोडे जास्त. डब्यांतले दिवेही धरायचे. चार-पाच गाड्यांना ३ अँपिअर बास. "५ अँपिअरचाच द्या, पुढे उपयोगी पडेल" असा हट्ट एन स्केलवाल्यांनी (एचओपेक्षा लहान, ९ मिमी रुळावरच्या गाड्या) तरी करू नये. शॉर्ट झाला तर तेवढा करंट नाजूक चाकांतून जातो आणि प्लॅस्टिक वितळते.

शॉर्टची परीक्षा घरीच करा. इंजिने उतरवून ठेवा, पाच रुपयांचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवा. सिस्टिम लगेच ट्रिप झाली पाहिजे. मग फूटभर पुढे, मग सांध्यापलीकडे, असे सगळ्या लेआउटवर करत जा. जिथे ट्रिप होत नाही तिथे वायरिंग कमी पडते. लेआउटखालून घरगुती वायरिंगची १.५ चौ. मिमी मल्टिस्ट्रँड वायर फिरवा आणि दर मीटरला एक फीडर (त्या वायरपासून रुळापर्यंतची छोटी वायर) रुळाला सोल्डर करा. नुसत्या रूळ-जोडांवर विसंबू नका. कंट्रोल बिघडला म्हणून येणाऱ्या तक्रारींत खरा दोष बहुधा इथे किंवा मळलेल्या रुळांत सापडतो. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पॉलिश पेपर नको.

मिरज-पंढरपूर नॅरोगेज करू पाहणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. ही लाइन जुन्या बार्शी लाइट रेल्वेची, तिचा गेज (दोन रुळांतले अंतर) ७६२ मिमी होता. १:८७ला तो पावणेनऊ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे एन गेजचा ९ मिमी रूळ जवळजवळ बरोबर बसतो. पण एवढ्याशा इंजिनात मोठा डिकोडर मावत नाही. सहा पिनी किंवा नेक्स्ट१८ सॉकेटचा छोटा डिकोडर लागतो, आणि रुळांतले व्होल्टेज १२ ते १४वर आणावे. कमांड स्टेशनला ही सोय आहे का, ते घेण्याआधीच विचारा.

हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्यांना डीसीसी-ईएक्स हे घरी जुळवायचे कमांड स्टेशन आहे. अर्डुइनो मेगा, मोटर शील्ड आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा पोरगा घरात असेल तर दोन संध्याकाळचे काम, आणि बाहेरून मागवण्यापेक्षा बरेच स्वस्त. बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये.

मार्क्लिनचे प्रकरण निराळे. त्यात वीज रुळांमधल्या खुंट्यांतून येते आणि हुकुमांची एमएफएक्स भाषाही वेगळी. जर्मनीहून कुणी सेट आणला असेल तर आधी तो आम्हाला दाखवा, मग खर्च करा.

परदेशातून स्वतः मागवत असाल तर कस्टम ड्युटी धराच, शिवाय वॉरंटीत माल परत पाठवायचे भाडेही. अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे ना, ते बघा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. कृष्णाकाठी तळमजल्यावर लेआउट असेल तर कमांड स्टेशन फळीला कायमचे ठोकू नका, प्लग काढून उचलता येईल असे बसवा. २०१९चा पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण नवे भाडेकरूही येतात.

जुने डीसी इंजिन डिकोडरशिवाय डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. ते गुणगुणते, तापते आणि कोअरलेस मोटर असली तर जळते. आधी ते साध्या डीसीवर नीट पळते का ते बघू, मगच डिकोडर बसवू. नव्या डिकोडरचा नंबर ३ असतो, तो बदलून देतो. सेटिंगचा गोंधळ झाला तर बहुतेक डिकोडरमध्ये सीव्ही ८ला (सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा नंबरी कप्पा) ८ लिहिले की सगळे मूळपदावर येते, तेवढ्यासाठी दुकानापर्यंत यायची गरज नाही. इंजिन आणाल तेव्हा खोक्यातली पुस्तिकाही आणा. सॉकेट आठ पिनी आहे की एकवीस पिनी, ते तिच्यात छापलेले असते.