खाऱ्या बांगड्यावरचे गुलाबी डाग

पावसात खाऱ्या बांगड्याचा डबा उघडला की कधीकधी माशावर गुलाबी-लालसर डाग दिसतात, बोट लावलं तर बुळबुळीत लागतात. ते रक्तही नाही नि गंजही नाही, जिवंत सूक्ष्मजीव आहेत. अकरावीच्या मुलांना पेशी शिकवायला आपल्या किनाऱ्यावर याहून भारी उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

आधी मीठ काय करतं ते बघू. पेशीभोवती एक पातळ पटल असतं, त्यातून पाणी आरामात ये-जा करतं पण मीठ तसं जात नाही, त्यामुळे बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर येतं, हेच परासरण. लॅबमध्ये ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल स्लाईडवर ठेवून कडेने मिठाचं पाणी सोडा, थोड्याच वेळात जांभळा भाग भिंतीपासून सुटून मधे गोळा होताना दिसेल, भिंत मात्र आहे तिथेच. लगेच साधं पाणी सोडलं तर परत फुगतो. मासा कुजवणारे बहुतेक जिवाणू मिठात वाढत नाहीत ते यामुळेच. खारातल्या कैऱ्या आणि कोकमाचं आगळ टिकतं तेही बरंचसं याच जोरावर.

मग हे गुलाबीवाले कसे जगतात? हॅलोबॅक्टेरियम आणि त्याचे भाऊबंद स्वतःच्या पेशीतच पोटॅशियमचं मीठ ठासून भरतात, आत-बाहेर बरोबरी झाली की पाणी कशाला पळेल. त्यांची प्रथिनंपण अशा खारट पाण्यातच नीट घडी धरतात, म्हणून गोड्या पाण्यात टाकलं तर पेशी चक्क फुटते! आणि हे जिवाणू नाहीतच, आर्किया नावाचा वेगळाच गट आहे, तो वेगळा आहे हे कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं.

हे येतात मिठागरातून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण मीठ धरायच्या वेळेला तेच पाणी जवळजवळ दहापट खारट झालेलं असतं, तिथे यांना फारसे स्पर्धकच उरत नाहीत. लाल रंगद्रव्य कडक उन्हापासून वाचवतं. काही जातींकडे तर अजून एक जांभळं प्रथिन असतं जे उजेडाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यातून पेशी ऊर्जा बनवते, १९७१ मध्ये सापडलं ते. क्लोरोफिल नाही काही नाही, तरी उन्हावर चालतंय, हे मला अजूनही अफाट वाटतं.

मिठाचा खडा बनताना आत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात, त्यात हे जिवंत राहतात आणि जाड्या मिठाबरोबर माशावर पोचतात. मासा ओलसर राहिला, वर दमट उकाडा असला की पसरतात आणि माशाची प्रथिनं तोडायला लागतात, मग मासा मऊ पडून वास मारतो. असा मासा धुऊन वापरू नका, टाकून द्या. पुढच्या वेळी खारवल्यावर खडखडीत वाळवा आणि डबा थंड कोरड्या जागी ठेवा.