टेबलाखालचा सीपीयू ते एक केबल: घरच्या डॉकची पार्श्वभूमी

घरचा डेस्कटॉप काढून टाकायचा आणि लॅपटॉपच डॉकला, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, चार्जर सगळं एकत्र जोडून देणाऱ्या डब्याला, लावून मोठ्या मॉनिटरवर काम करायचं, हे आता सर्रास झालंय. लॅपटॉप ताकदवान झाले म्हणून डेस्कटॉप गेला, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जास्त नडत होती ती जोडणी, आणि ती सोपी करताना घातलेला घोळ अजून पुरता निस्तरलेला नाही.

जुना काळ थोडक्यात. 1992च्या ॲपलच्या पॉवरबुक ड्युओ लॅपटॉपसाठी एक डॉक निघाला होता. व्हीसीआरमध्ये कॅसेट जावी तसा अख्खा लॅपटॉप त्याच्या पोटात जायचा. पुढे ऑफिसात दिसणाऱ्या थिंकपॅड आणि लॅटिट्यूड या लॅपटॉप मालिकांच्या बऱ्याच मॉडेलांना बुडाशी खास कनेक्टर आला. लॅपटॉप डॉकवर खट्‌कन बसवला की चार्जिंग, मॉनिटर, नेटवर्क सगळं एकदम लागायचं. हे डॉक चालायचे उत्तम, पण एका मालिकेचा डॉक दुसरीला चालत नसे. मॉडेल बदललं की डॉक अडगळीत. घाऊक खरेदी करणाऱ्या कंपनीला ते परवडायचं, घरी कोण घेणार? घरगुती पर्याय होता यूएसबी 2.0 वरचा. लॅपटॉपने चित्र दाबून लहान करायचं आणि साध्या यूएसबीतून मॉनिटरकडे पाठवायचं. एक्सेलपुरतं ते भागायचं, व्हिडिओ लावला की अडखळायचं, आणि चार्जरची वायर वेगळी लोंबकळायचीच.

2008च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त खपले. आपल्याकडे तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की 600 व्हीएचा यूपीएस केकाटायला लागायचा आणि हातातलं काम सेव्ह करून मशीन बंद करण्याची घाई व्हायची. लॅपटॉपची बॅटरी ही तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत चैन नव्हती. पण बसून काम करायला घरात डेस्कटॉपच राहिला.

खरा बदल ऑगस्ट 2014चा. तेव्हा यूएसबी टाइप-सीचं मानक आलं: 24 पिनांचा, उलटा-सुलटा कसाही बसणारा कनेक्टर. पुढच्याच महिन्यात त्यातूनच डिस्प्लेपोर्टचं (मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या एका पद्धतीचं) चित्र नेण्याची सोय जाहीर झाली. 100 वॉटपर्यंत चार्जिंग त्यातूनच होणार होतं. जून 2015मध्ये थंडरबोल्ट 3 या इंटेलच्या वेगवान जोडणीनेही हाच आकार घेतला, वेग सेकंदाला 40 गिगाबिट. त्याच वर्षीच्या 12 इंची मॅकबुकवर तर हेडफोनचं भोक सोडलं तर हा एकच पोर्ट होता. लोकांनी नावं ठेवली, पण दिशा तीच ठरली.

वादग्रस्त निर्णय इथेच झाला. आकार सगळ्यांना एक ठरवला, मात्र त्या भोकामागे काय काय असावं हे बनवणाऱ्यावर सोडलं. चित्र ऐच्छिक, जास्त वॉटचं चार्जिंग ऐच्छिक, थंडरबोल्ट तर वेगळीच गोष्ट. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपांचे पोर्ट दिसायला हुबेहूब असतात. एकाला डॉक लावला की सगळं जागं होतं. दुसऱ्यावर माउस चालतो, पेनड्राइव्ह दिसते आणि मॉनिटर काळा तो काळाच. निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सगळं सक्तीचं केलं असतं तर स्वस्त फोनला आणि साध्या चार्जरला हा कनेक्टर परवडलाच नसता. हे बरोबर आहे. पण पोर्टच्या शेजारी त्याला काय जमतं ते छापण्याची सक्ती करायला फार खर्च आला नसता, आणि ती झाली नाही.

त्यावर नावांचा गोंधळ. 2008 साली 5 गिगाबिटचा वेग यूएसबी 3.0 म्हणून आला. 2013नंतर तोच वेग यूएसबी 3.1 जेन 1 झाला. 2019मध्ये परत बारसं होऊन यूएसबी 3.2 जेन 1. आत काही बदललं नव्हतं. नवं मानक जुन्याला पोटात घेतं म्हणून तांत्रिक कागदांत असं नाव येतं, हे स्पष्टीकरण इंजिनिअरला पटतं. विक्रेत्यांनी मात्र तेच नाव खोक्यावर छापलं आणि जुना माल नव्या आकड्याने खपला. 2022मध्ये मानक ठरवणाऱ्यांनीच आकडे सोडून थेट वेग लिहा, असं सुचवलं. तोवर दुकानं जुन्या खोक्यांनी भरली होती.

याचा फटका कुठे बसतो ते नेमकं पाहण्यासारखं आहे. टाइप-सीमध्ये वेगवान मार्गिका, म्हणजे माहिती नेणारे आतले रस्ते, चार. स्वस्त डॉक त्यातल्या दोन चित्राला देतो, दोन डेटाला. डिस्प्लेपोर्ट 1.2च्या हिशोबाने दोन मार्गिकांतून 8.64 गिगाबिट जातात, आणि 4के चित्राला 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 वेळा चित्र बदलताना) साधारण साडेबारा लागतात. मग एक तर चित्र 30 हर्ट्झवर येतं आणि माउसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा सरकतो, नाही तर चारही मार्गिका चित्राला जातात आणि डॉकचे बाकीचे पोर्ट यूएसबी 2.0च्या 480 मेगाबिटवर घसरतात. खोक्यावर ‘4के’ ठळक असतं, ‘30 हर्ट्झ’ मागच्या बाजूला बारीक अक्षरात. पुढच्या डिस्प्लेपोर्टने ही ओढाताण बरीच कमी केली, पण डॉक आणि लॅपटॉप दोन्हींना ते येत असलं तरच.

मार्च 2020च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांनी सीपीयू आणि मॉनिटर गाड्यांत भरून कर्मचाऱ्यांच्या घरी पाठवले. आयटी आणि कॉल सेंटरच्या कंपन्यांना घरून काम करवून घ्यायचं तर आधी 1 कोटी रुपयांची अनामत ठेवावी लागे. ती अट त्या महिन्यात तात्पुरती उठली आणि नोव्हेंबर 2020मध्ये सगळी चौकटच सैल झाली. सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांसाठी घरून काम करण्याचा स्वतंत्र नियम जुलै 2022मध्ये आला, सुरुवातीला निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता. पण टेम्पोतून आलेले सीपीयू परत गेल्यावर कंपन्यांनी नव्या खरेदीत लॅपटॉपवरच भर दिला.

2020मध्येच 15 वॉटच्या वर्गात आठ कोअरचे लॅपटॉप प्रोसेसर आले. साधारण डेस्कटॉप प्रोसेसर 65 वॉटचा असतो. वेगाची सबब तिथे संपली. गंमत अशी की नोव्हेंबर 2020च्या, ॲपलच्या स्वतःच्या एम1 चिपवरच्या मॅकबुक एअरला बाहेरचा मॉनिटर एकच लावता यायचा. मार्च 2024च्या एम3 एअरला दोन लागले, तेही झाकण बंद ठेवून. शिवाय विंडोज लॅपटॉपवर दोन मॉनिटर नीट वेगळे चालवणारा साधा टाइप-सी डॉक मॅकला लावला की दोन्हींवर एकच चित्र येतं, कारण एका वाहिनीतून दोन वेगळी चित्रं पाठवण्याची ती पद्धत मॅकओएस वापरतच नाही. उपाय म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची जुनी यूएसबी युक्ती, वेगवान यूएसबीवर. तिला ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे अधिकार नसतात. आयटी विभागाकडे तिकीट टाका आणि बसा.

युरोपात 28 एप्रिल 2026 ही लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं होण्याची तारीख ठरली. ही सक्ती चार्जिंगपुरती आहे. त्या पोर्टमधून चित्र निघेल की नाही, हे अजूनही लॅपटॉप घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशनच्या पानावरच शोधावं लागतं.