बाज बदलला की बँड संपला?

कोल्हापुरात रंकाळ्यावर हेवी मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक, ऐकणारी चार पोरं जमली, की भेळ संपेपर्यंत बोलणं एकाच ठिकाणी येऊन अडतं: बँडनं आपला बाज सोडावा का? या वादाची मुळं थेट मेटलच्या जन्मापर्यंत जातात.

मेटल आलं बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून. आमच्या उद्यमनगरच्या कारखान्यांत प्रेसच्या ठोक्यांत वाढलेल्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी 17 वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडून सूरच खाली आणला. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधला तो जड, खोल नाद आज मेटलची ओळख मानला जातो.

पण त्याच्या ब्लॅक सॅबथनं एकच बाज कधी धरला? पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ‘पॅरानॉइड’मध्ये ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’सारखं तरंगतं, शांत गाणं होतं. 1972 च्या ‘चेंजेस’मध्ये तर पियानो आहे, ड्रम नाहीत. वैविध्य आधीपासून होतं. शुद्धतेचा आग्रह नंतर आला.

तो आला 1980 च्या दशकात. केस फुगवून, रंग लावून गाणारे बँड टीव्हीवर गाजत होते, आणि थ्रॅश, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटल वाजवणारे, त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ऐकणारे एकमेकांना कॅसेट कॉपी करून टपालानं पाठवत. संगीत ही तेव्हा आवडीपुरती गोष्ट राहिली नाही, ती बाजू झाली. बाजू झाली की फितुरीचा आरोप आलाच. 1984 मध्ये मेटालिकानं ‘फेड टू ब्लॅक’ची सुरुवात अकूस्टिक गिटारनं केली, तेव्हाच काही चाहत्यांनी नाकं मुरडली. 1991 चा काळ्या कव्हरचा अल्बम आणि 1996 चा ‘लोड’ यांनी तर उभी फूट पाडली. स्लेयरनं 1986 मध्ये जेमतेम 29 मिनिटांचा ‘रेन इन ब्लड’ काढून वेगाची हद्द गाठली. 1988 मध्ये त्यांनीही वेग मुद्दाम उतरवला. मोटरहेड मात्र 1975 पासून 2015 मध्ये त्यांचा गायक लेमी वारेपर्यंत आपल्या वाटेवरून फारसं हललं नाही.

मला हा सगळा इतिहास कोल्हापूरकर म्हणून ओळखीचा वाटतो. 1895 मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट आठवा. आमलेटा संस्थानाच्या दरबारात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला, आणि परतला तो पूर्वीसारखा राहिला नाही. मग त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली: लयीला घट्ट बिलगलेली, पेचदार तानांची, अनवट आणि जोड रागांची. आयोमीनं बोटांसाठी केलं, तेच खाँसाहेबांनी गळ्यासाठी. तीच गायकी जयपूर-अत्रौली घराणं म्हणून जपली गेली, इतक्या कडवेपणानं, की मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या किशोरीताई आमोणकरांनी तिच्यात आलापीचा विस्तार आणि भावाचा हळवेपणा आणला, तेव्हा जाणकारांनी घराणं मोडल्याची तक्रार केली.

म्हणून चाहते ‘खरं मेटल’ म्हणतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुठल्या साली ठरलेलं? मोटरहेडसारखं एकाच जागी खोल खणणं मला मनापासून आवडतं. त्याला जिगर लागते. बाज बदलणारे सगळेच धाडसी असतात असंही नाही. 1987 मध्ये ‘इंटू द पँडेमोनियम’सारखा अफाट प्रयोग करणाऱ्या सेल्टिक फ्रॉस्टनं पुढच्याच वर्षी ‘कोल्ड लेक’मध्ये ग्लॅमची, म्हणजे त्याच फुगवलेल्या केसांच्या बँडांची, वाट धरली आणि चाहते दुरावले. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःत भर घातली होती, दुसऱ्या वेळी दुसऱ्याचे कपडे घातले. माझ्या लेखी फरक एवढाच.

स्वीडनच्या ओपेथनं 2011 मध्ये ‘हेरिटेज’वर घशातली गुरगुर सोडली. तेरा वर्षं रागावलेले लोक 2024 च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’वर ती परतली तेव्हा हरखले. मधले अल्बम मात्र अजून अनेकांनी धड ऐकलेलेच नाहीत.